वासरू कुणी नेलं?

माझा धाकटा भाऊ न्यूझीलंडच्या तारानाकी भागातल्या एका डेअरी फार्मवर मॅनेजर आहे. फार्म त्याचा नाही, गाई त्याच्या नाहीत, पण चारेकशे गाईंचं सगळं तोच बघतो. आईनं मात्र कराडला गल्लीभर सांगून ठेवलं होतं, "पोरगा माझा तिकडं गोसेवा करतो." वडील गेल्यावर ती आमच्याकडं वेलिंग्टनजवळ लोअर हटला आली आणि आल्या दिवसापासून तिचं एकच टुमणं. मी त्याच्याकडं राहणार. "तू दिवसभर फार्मसीत, जावई हॉस्पिटलात, पोरं शाळेत. मी काय भिंतींशी बोलू?" मला राग यायचा, पण म्हणणं खोटं नव्हतं.

भावानं तिच्यासाठी खोली तयार केली होती. एकटा माणूस, चाळिशी गाठलेली, लग्नाचा विषय काढला की गमबूट घालून बाहेर पळणारा. त्यानं नवा पलंग आणला, हीटर बसवला, देवांसाठी भिंतीला फळी ठोकली आणि प्रत्येक गोष्टीचा फोटो मला पाठवला. "ताई, आवडेल ना गं तिला?" अरे बाबा, आवडेल, आता छपराला झुंबर लावू नकोस म्हणजे झालं, असं मी म्हटलं. त्याला आई हवी होती. ती येईल आणि चार दिवसांत परत जाईल, या धास्तीनं त्याला घास गोड लागत नव्हता.

त्या वर्षी दिवाळी आणि सोमवारच्या सुट्टीचा लेबर वीकेंड जोडून आले. शुक्रवारी वसुबारस. मी रजा टाकली, पोरांची शाळा बुडवली, आणि गुरुवारी संध्याकाळी आम्ही फार्मवर पोचलो. नवऱ्याची ड्यूटी होती, तो आला नाही. ठरलं होतं असं, की आईनं चार दिवस राहून बघायचं. तिचं मन रमलं तर सोमवारी तिला तिथंच ठेवून आम्ही निघायचं.

माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, मुलगा आठचा. दोघांनी लायब्ररीतून पुस्तकांची थप्पी आणली होती. भावंडं सुट्टीत काकाच्या नाहीतर मावशीच्या रँचवर जातात, तिथं काहीतरी गायब होतं, मोठ्यांना पत्ता लागत नाही आणि पोरं चोर पकडतात, असली सगळी. गाडीत चार तास त्यांचं तेच चाललं होतं. मामाकडं पण काहीतरी गायब व्हायला पाहिजे म्हणे. मी म्हटलं, तुमचा आवाज गायब झाला तरी पुष्कळ आहे.

घरामागच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या कुरणात, एक गाय नुकतीच व्यायली होती. विण्याच्या हंगामातली अगदी शेवटची. वासरू अजून ओलं होतं आणि ती त्याला चाटत होती. आई सामान टाकून तारेच्या कुंपणापाशी गेली आणि तिथंच उभी राहिली. तिच्या डोळ्यांना धार लागली. "उद्या वसुबारस आणि आज गाय-वासरू दारात! आता दुसरं काय पाहिजे मला?" वसुबारसेला नुसती गाय चालत नाही, वासरासकट लागते, त्या दिवशी बायका दूध-दह्याला शिवत नाहीत, कारण ते वासराचं, हे तिनं पोरांना तिथल्या तिथं समजावून सांगितलं. मग भावाकडं वळली. "उद्या संध्याकाळी ह्या दोघांचीच पूजा. मी राहिले बघ तुझ्याकडं."

भाऊ तिची बॅग उचलून आत गेला. मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"सांगून टाक ना तिला."

"तू सांग."

"मी का सांगू? काम तुझं, आई तुझी."

"आई तुझी पण आहे, ताई." असं म्हणून तो दूध काढायच्या शेडकडं निघून गेला.

शुक्रवारी सकाळी आम्ही उठलो ते गाईच्या ओरडण्यानं. ती कुंपणाला छाती लावून उभी होती आणि वासरू नव्हतं. आई हादरली. "अगं, कोल्ह्यानं नेलं का काय?" इथं कोल्हे नसतात गं, मी म्हटलं. पोरांच्या अंगात मात्र संचारलं. समबडी टूक हिम! मुलीनं मोबाइलवर फोटो काढायला सुरुवात केली, मुलगा ओणवा होऊन चिखल बघत फिरायला लागला. आई त्यांच्या मागं शाल सावरत. "शोधा रे, लेकरांनो. संध्याकाळच्या आत सापडलं पाहिजे."

मी अडवायला हवं होतं की नको, मला अजून ठरवता येत नाही. गाईचं ओरडणं थांबत नव्हतं आणि निदान कुणीतरी त्या ओरडण्याला ओ देतंय, असं मला वाटलं होतं.

आम्ही जेवायला बसलो, तेव्हा दोघं धापा टाकत आली. गमबुटांचे ठसे कुंपणापासून मामाच्या चारचाकी क्वाड बाईकपर्यंत. बाईकच्या ट्रेलरची चाकं तिथून वासरांच्या शेडपर्यंत. शेडमध्ये एका बाजूला बाकीची वासरं, आणि पार टोकाच्या कप्प्यात आपलं वासरू, एकटं. मुलीनं पुस्तकातल्यासारखं बोट रोखलं. "मामा, इट वॉज यू."

भावानं हातातली भाकरी खाली ठेवली. हसून वेळ मारून नेता आली असती. पण खोटं बोलणं त्याला जन्मात जमलेलं नाही.

"हो, मीच नेलं. सगळ्यांचीच नेतो."

"म्हणजे?" आई म्हणाली.

"वासरू गाईजवळ ठेवत नाहीत इथं, आई. दूध टँकरमध्ये जातं. कालवडी आपण बाटलीवर वाढवतो, त्या पुढं गाई होतात."

आईचं माहेर शेतकऱ्याचं. पुढचं तिला विचारायची गरज नव्हती, तरी तिनं विचारलं. "हे काय आहे?"

"गोऱ्हा." तो ताटाकडं बघत म्हणाला. "मंगळवारी गाडी येईल."

"वेअर डज इट गो?" मुलानं विचारलं. भावानं माझ्याकडं बघितलं. मी मानेनं होकार दिला. आता लपवून काय उपयोग होता?

"कत्तलखान्यात," तो म्हणाला.

चोर पकडल्याचा मुलीचा सगळा आनंद तिच्या चेहऱ्यावरून पुसला गेला आणि ती रडायला लागली. धाकटा रडला नाही. तो मामाजवळ जाऊन उभा राहिला. मग तू का देतोस, असं त्यानं मराठीत विचारलं. एरवी त्याच्याकडून मराठीतला एक शब्द काढायचा म्हणजे घाम फुटतो.

"मी नाही दिलं तर दुसरा कुणीतरी देईल," भाऊ म्हणाला. "तो फरफटत नेईल. मी उचलून नेतो."

संध्याकाळी आईनं ताट केलं. निरांजन, हळद-कुंकू, बाजरीची भाकरी, गवारीची भाजी. गवार मी ऑकलंडच्या पापाटोएटोतल्या देशी दुकानातून मागवली होती, खास ह्या दिवसासाठी. आई कुंपणापाशी गेली, भाऊ तिच्यामागं. गाईचा आवाज एव्हाना बसला होता, तरी ती ओरडतच होती.

"दहा मिनिटं आण त्याला," आई म्हणाली. "तेवढी पूजा करते."

"नको, आई. परत दाखवलं की परत तोडावं लागतं. एकदा केलं ते पुरे."

आई ताट घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं स्वतःच निरांजन फुंकलं. दिवा असा फुंकताना मी तिला आयुष्यात बघितलं नव्हतं. "हिला ओवाळायची मला लाज वाटते," ती म्हणाली. भाकरी कुंपणाच्या आत ठेवली, हात जोडले. मग भावाला विचारलं, "तुला झोप लागते का रे?"

"जुलै-ऑगस्टात नाही लागत. तेव्हा सगळ्या गाई एकदम वितात, गाड्या सारख्या येतात."

आई पुढं काही बोलली नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही. सोमवारी सकाळी तिनं स्वतःची बॅग स्वतः ओढत आमच्या गाडीपाशी आणली. भावानं ती डिकीत ठेवली, आईचा सीटबेल्ट लावला आणि म्हणाला, "खोली आहे तशीच ठेवतो." तिनं खिडकीतून दुसरीकडं बघितलं. तो हात हलवत फाटकापर्यंत चालत आला.

हायवेला लागल्यावर माझं डोकं फिरलं. "सोडलंस ना त्याला? तुझ्या चहातलं दूध काय आकाशातून पडतं? तुला खाऊ घालणारं पोरगं तेवढं पापी, आणि पिणारे आपण सगळे पुण्यवान?"

"मी कुठं म्हणाले तो पापी आहे?" आई म्हणाली. "मला तो आवाज ऐकवत नाही. माझ्यात नाही गं तेवढं बळ."

त्यानंतर तिनं दूध सोडलं. कोरा चहा प्यायची. भाऊ दर रविवारी फोन करायचा, ती दोन वाक्यं बोलून फोन माझ्याकडं द्यायची. पुढच्या जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, त्याचे फोन आखूड झाले, मग येईनासे झाले. मी केला तर उचलायचा नाही. आई रोज विचारायची, "गाड्या सुरू झाल्या का गं?" मी म्हणायची, झाल्या असतील.

एका सकाळी ती बॅग भरून दारात बसलेली दिसली. "मला सोडून ये त्याच्याकडं."

"आणि आवाज?"

"त्याला एकट्याला ऐकू येतोय ना? जाऊ आपण."

मी फार्मसीत फोन करून रजा सांगितली. आम्ही पोचलो, तेव्हा वासरांनी भरलेली गाडी फाटकातून बाहेर पडत होती. आईनं डोळे मिटून घेतले नाहीत. ती गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली, मग उतरली आणि थेट मागच्या दाराशी गेली. भाऊ शेडकडून येत होता. तिला बघून जागीच थांबला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. ती पुढं झाली, तसा तो मागं सरला. दोन्ही हात पाठीमागं लपवले.

"शिवू नकोस, आई. मी आत्ताच चढवून आलोय त्यांना."

आईनं त्याचे हात पाठीमागून ओढून काढले, शेणामातीनं भरलेले, आणि आपल्या दोन्ही गालांवर घट्ट धरले. माझा चाळिशीतला भाऊ पायरीवर मटकन बसला आणि लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडायला लागला. आईनं त्याला उगी म्हटलं नाही. पदर खोचून ती त्याच्याशेजारी बसली.

"रड," ती म्हणाली. "पोटभर रड. मी आता कुठं जात नाही."