प्रश्न विचारून थांबणं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे अपूर्णांकांचा धडा. मी पंखा बंद केला आणि दारात उभा राहून भाजीवाल्याला गप्प केलं. माझी बायको सुमन मोबाइलसमोर बसून शिकवत होती, धडा रेकॉर्ड होत होता. प्रश्न विचारला की ती थांबायची.

"अगं, बोल की. समोर कोण आहे?"

"पोरांना विचार करायला वेळ नको का? तुम्ही सातवी नापास, तुम्हाला काय कळणार!"

तिचे धडे पोरांना मोबाइलवर दाखवणाऱ्या कंपनीला ते थांबणं नको होतं. तेवढं कापून टाकायचे. मला वाटतं, शिकवणं म्हणजे ते थांबणंच असतं, बाकीचं पुस्तकात आहेच.

वीस वर्षं शाळेने तिला कायम केलं नाही, म्हणून कायमच्या नोकरीच्या बोलीवर ती या मोबाइलच्या शिकवणीत गेली. अपूर्णांकांचा धडा झाला त्याच दुपारी कंपनीचा निरोप आला, उद्यापासून धडे नकोत. शाळेत निदान भांडायला कुणी समोर असतं. इथं कुणाचं तोंडही बघितलं नव्हतं.

शाळेत परत घ्या, म्हणून तिने अर्ज दिला. रोज विचारायची, "फोन आला का हो?" आठव्या दिवशी तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली. लोक म्हणाले, होईल सगळं ठीक. काही ठीक होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जाऊन तिचा अर्ज परत मागितला. हेडमास्तरांनी शोधून दिला. पाकीट अजून फोडलेलं नव्हतं.