पुढे पान पाचवर

रद्दी आणि किस्से, दोन्ही न सांगता साठतात. रद्दी न्यायला निदान रद्दीवाला येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून मग ते असे सांगत बसावे लागतात. आमच्या जळकोटच्या वाचनालयात पंख्याखालच्या टेबलाशी आम्ही चौघं रोज सकाळी बसायचो आणि उठताना टेबलावर एखादा किस्सा उरायचाच.

मी एस.टी.तून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेला. गायकवाड सरांनी हायस्कुलात विज्ञान शिकवलेलं. पुराव्याशिवाय ते आज सोमवार आहे हेसुद्धा मान्य करत नाहीत. बिराजदार अप्पांचं किराणा दुकान समोरच, एस.टी. थांबते तिथं. आणि चौथे सत्तारभाई टेलर. त्यांच्या रुबीनाचं लग्न त्या उन्हाळ्यात ठरलेलं होतं.

वाचनालयात पेपर एकच. म्हणून तो आला की आधी त्याची वाटणी. पहिलं पान माझं, कारण मोठ्यानं घोषणा करायची मला नोकरीतली सवय. विज्ञान आणि अग्रलेख सरांकडे, बाजारभाव अप्पांकडे. पान पाचचा ताव सत्तारभाईंचा. त्यात पहिल्या पानावरच्या बातम्यांची शेपटं असायची, पण भाईंचा डोळा मजकुरावर कमी आणि कागदावर जास्त. वाचून झालं की तो ताव दुकानात जायचा आणि त्यावर बाह्या, कॉलर, पाठ असे नमुने कापले जायचे. दुसऱ्याच्या पानात तोंड घालायचं नाही, हा आमचा कायदा. त्यामुळे प्रत्येकाला जगाचा चतुर्थांश भाग पक्का ठाऊक होता आणि बाकीच्याबद्दल मत होतं.

•

एकदा सरांच्या पानावर मंगळाची बातमी होती. सर आनंदानं म्हणाले, "मंगळावर पाण्याच्या खुणा सापडल्या. पुराव्यासकट."

अप्पांनी तुरीचा भाव बघता बघता विचारलं, "तिथं टँकर कुणाचा चालतो?"

सर चिडले. सामान्य ज्ञान वाढवायला हवं म्हणाले, आणि पृथ्वीचे तीन भाग पाणी असून एकच भाग जमीन आहे, हे टेबलावर बोट आपटून सांगितलं.

सत्तारभाई पान पाचची घडी घालता घालता थांबले. "सर, तो एक भाग म्हणजे आपला तालुकाच की."

•

ते वर्षच तसं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं आणि सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. देशानं पाहिलं त्याचं काही नाही. शेजारच्या जिल्ह्यात, उमरीला रुबीनाच्या सासऱ्यांनी पाहिलं, तिथं घोटाळा झाला.

त्यांचा फोन आला. "तुमच्या लातूर जिल्ह्यात वऱ्हाड आणून माणसं तहानेनं मारू का? शादी पावसानंतर करू." आता मुलगा जूनमध्ये सौदीला नोकरीवर निघालेला. एकदा गेला की दोन वर्षं सुट्टी नाही. पावसानंतर म्हणजे कधी, हे सगळ्यांना कळत होतं. त्या दिवशी भाईंनी पान पाच उघडलंच नाही, तसंच मांडीवर ठेवून बसले. आम्हाला फार वाईट वाटलं. आणि आम्हाला वाईट वाटलं की आम्ही मदत करतो, हा त्यातला खरा धोका.

•

पहिली मदत अप्पांची. त्यांनी हाळीहून एक पाणाड्या आणला. तळहातावर नारळ घेऊन तो चालायचा. खाली पाणी असलं की नारळ उभा राहायचा. भाईंच्या अंगणात बोअर पाडायचं ठरत होतं.

सर म्हणाले, "प्रयोग करू. डोळे बांधून चालवा."

बांधले. पाणाड्या भाईंच्या अंगणात फिरला, नारळ आडवाच. तसाच फाटकातून बाहेर पडला, बोळ ओलांडून अप्पांच्या परसात शिरला. तिथं मात्र नारळ असा ताठ उभा राहिला की अप्पांनी हात जोडले.

सर शांतपणे म्हणाले, "अप्पा, ही तुमच्या संडासाची टाकी आहे."

पाणाड्यानं डोळ्यांवरचा रुमाल काढला, खाली पाहिलं आणि म्हणाला, "पानी हाय म्हनलो. कसलं हाय ते तुमी इचारलं न्हाई."

•

त्याच महिन्यात पुण्याहून एक लेखक आले. दुष्काळावर कादंबरी लिहीत होते, म्हणून अनुभव गोळा करायला आलेले. माणूस सज्जन, पण घाम फार. बोलता बोलता त्यांनी वाचनालयाचा माठ तळाला नेला. मग वही काढून अप्पांना हळुवार आवाजात विचारलं, "पाणी नसतं तेव्हा तुम्हाला आतून नेमकं काय वाटतं?"

अप्पांनी बराच विचार केला.

"तहान."

लेखकांनी ते लिहून घेतलं आणि खाली रेघसुद्धा मारली.

•

आता जिल्ह्याचं. एका सकाळी माझ्या पानावर ठळक मथळा होता, उदगीर नवा जिल्हा होणार. मी फलाटावर गाडी लागल्यासारखा तो वाचून दाखवला. दोन ओळी झाल्या आणि कंसात आलं, पुढे पान पाचवर.

पान पाच टेबलावर नव्हतं. सत्तारभाई त्या दिवशी लवकर येऊन ताव घेऊन गेले होते, कारण एक गिऱ्हाईक तातडीचं होतं. आम्ही तिघं दुकानात पोचलो तर बातमीची बाही झाली होती. उरलेल्या चिंध्या शोधल्या. एका चिंधीवर 'फटाके फोडून' मिळालं, दुसरीवर 'पेढे वाटून जल्लोष'.

"पुरावा मिळाला," सर म्हणाले. सर म्हणाले म्हटल्यावर विषयच संपला.

अप्पांनी पेढे वाटले. दुपारी पेंटर बोलावून दुकानाच्या बोर्डावर जि. लातूर खोडून मोठ्या अक्षरांत जि. उदगीर करून घेतलं. जिल्हा जवळ आला म्हणजे पाणीही जवळ येणार, असा त्यांचा हिशोब.

संध्याकाळी तहसीलचा कारकून साखर न्यायला आला. त्यानं बोर्ड वाचला आणि हसत हसत खालीच बसला. पूर्ण बातमी अशी होती की जिल्ह्याची नुसती मागणी झाली होती आणि निर्णय काहीच नव्हता. पेढे कुठल्याशा सोसायटीच्या निवडणुकीतले होते.

सरांनी आठवडाभर टेबलाशी तोंड उघडलं नाही. अप्पांनी बोर्ड बदलला नाही. "जिल्हा हुईल तवा हुईल. आपला बोर्ड तयार हाय."

•

आणि मग लग्नाच्या ठरलेल्या तारखेआधी काही दिवस, शेवटचा निर्णय करायला मुलाचे मामू उमरीहून पाहणीला आले. इथं पाणी आहे की नाही ते बघायचं आणि नसेल तर तारीख मोडायची, एवढंच त्यांचं काम. एस.टी.तून उतरले ते थेट अप्पांच्या बोर्डासमोर. चष्मा लावून त्यांनी तो सावकाश वाचला.

"हा लातूर जिल्हा नाही काय?"

अप्पांनी घसा साफ केला. "लातूर तिकडं ऱ्हायलं, मामू. लई लांब."

सत्तारभाईंचा चेहरा पांढरा पडला. मामू सरांकडे वळले. "सर, तुम्ही शिकलेले माणूस. तुम्ही सांगा, हा कुठला जिल्हा?"

मी सरांना ओळखतो. उभ्या जन्मात ते खोटं बोललेले नाहीत. त्यांनी रुबीनाच्या दाराकडे पाहिलं, मग बोर्डाकडे पाहिलं.

"विज्ञानात निरीक्षण महत्त्वाचं," ते म्हणाले. "समोर काय लिहिलंय ते तुम्हीच वाचा."

मामूंनी पुन्हा वाचलं. चहा घेतला. पाणी मात्र मागितलं नाही. मग फोन लावून मोठ्यानं बोलले, "भाईजान, ये लोगां लातूर जिल्हे में नहीं हैं. तारीख वोईच रखो."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाच्या दोन जीपा आल्या आणि त्यांच्या मागं धूळ उडवत एक टँकर. पार उमरीहून भरून आणलेला, तोंडावर झेंडूचा हार. सत्तारभाई त्याच्या ओल्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले.

"मामू, हे कशाला?" अप्पांनी विचारलं.

"नव्या जिल्ह्याला आहेर."

जेवणं झाल्यावर अप्पांना राहवेना. मामू टँकरच्या नळाखाली हात धुवत होते. त्यांच्याजवळ जाऊन ते हळूच म्हणाले, "मामू, खरं सांगा. तुमाला पटलं हुतं का?"

मामूंनी रुमालाला हात पुसले, चष्मा लावला आणि एकदा बोर्डाकडे पाहिलं.

"अप्पा, आमच्या उमरीत पेपर कापत नाहीत. पान पाच मीबी वाचलं होतं."