खाचरातले काटेचमचे

निखिल सरांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "इथे एक सही कर. क्लायंटला आज संध्याकाळपर्यंत पाठवायचाय."

फॉर्म एका पुरस्काराचा होता. लोणावळ्यात आम्ही फेब्रुवारीत केलेली डीलर मीट पर्यावरणपूरक कार्यक्रम म्हणून स्पर्धेत जाणार होती. डीलर मीट म्हणजे कंपनीने आपल्या विक्रेत्यांसाठी ठेवलेला मेळावा. सकाळी भाषणं, लॉनवर नव्या मालाचे स्टॉल, दुपारी जेवण. आमची इव्हेंट कंपनी हे सगळं उभं करते आणि उतरवते. मी ऑपरेशन्स बघते. सही माझीच हवी होती, कारण त्या मीटचा कचरा कुठे गेला ते मलाच माहीत होतं. निदान तसं मला वाटत होतं.

त्या मीटला फ्लेक्सऐवजी कापडी बॅनर होते. बाटल्यांऐवजी पाण्याचे जार होते. आणि ताटं, काटे, चमचे सगळे कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणारे. चमचे दिसायला प्लॅस्टिकसारखे, पण मक्याच्या स्टार्चपासून बनवलेले. ही कल्पना माझी. उष्टं अन्न आणि ती ताटं-चमचे आम्ही वडिवळ्याच्या सुशीला मावशींच्या खतखड्ड्यात टाकले. मावशींची सून मनीषा आमच्याकडे हाउसकीपिंगला आहे, तिनेच ओळख करून दिली होती. खड्ड्यापाशी मावशींबरोबर काढलेला माझा फोटो फॉर्मला जोडला होता. खाली लिहिलं होतं, 'सर्व ओल्या कचऱ्याचे खत झाले.'

सही करण्याआधी मनीषाला विचारून घ्यावं म्हणून फोन लावला. ती दोन दिवस कामावर आली नव्हती. फोन मावशींनी उचलला.

"जयभीम ताई. मनीषा पडलीय जरा. पाय सुजलाय तिचा."

"काय झालं?"

"तुमचा काटा घुसला. आवणी चाललीय न्हवं आमची. चिखलात पाय ठिवला अन् खसकन आत गेला. डॉक्टरनं इंजेक्शन दिलंय. पन तुमी येऊन बघा एकदा."

आवणी म्हणजे भाताची रोपं खाचरात लावणं. हे काम अनवाणी पायांनी होतं. मी फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला आणि गाडी काढली.

मनीषा ओटीवर पाय लांब करून बसली होती. पायाला बँडेज. मला बघून ती उठायला लागली, मी बसवलं. ती म्हणाली, "मॅडम, रजा लावू नका माझी."

मावशी मला खाचरावर घेऊन गेल्या. अर्धं खाचर लावून झालं होतं, अर्धं तसंच. बांधावर घमेलं होतं, त्यात काटे आणि चमचे. थोडे वाकले होते, बाकी जसेच्या तसे.

"चार म्हैने खड्ड्यात व्हते," मावशी म्हणाल्या. "भात कुजला, भाजी कुजली, ताटं बी गेली. ह्ये न्हाई गेलं. खत पसरताना थोडं येचलं. बाकीचं नांगराबरुबर खाली गेलं."

"मावशी, खोक्यावर लिहिलं होतं, खत होतं म्हणून."

"खोक्यावर आमचा खड्डा लिवला व्हता का?"

त्या रागाने बोलल्या नाहीत. खरोखरच विचारत होत्या. मी बांधावरूनच चमचे पुरवणाऱ्या व्हेंडरला फोन केला.

"मॅडम, ते इंडस्ट्रियल कंपोस्टेबल आहे," तो म्हणाला. "बारीक अक्षरात लिहिलंय ना."

याचा अर्थ असा, की हे चमचे मोठ्या प्लांटमध्येच नीट कुजतात, जिथे आठवडेच्या आठवडे खूप उष्णता टिकवून धरतात. घरच्या खड्ड्यात तेवढी उष्णता नसते. सहा महिने मी लोकांना हे चमचे दाखवत फिरले, पण हा एक प्रश्न कधी विचारला नाही.

मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मावशींचे जुने गमबूट घालून खाचरात उतरले. मावशी आणि शेजारच्या दोघी बरोबर होत्या. हाताने चिखल चाचपायचा, लागेल ते घमेल्यात टाकायचं. दुपारपर्यंत कंबर भरून आली. लावून झालेल्या भागाला हात लावता येईना, रोपं उपटली असती.

तिथेच निखिल सरांचा फोन आला.

"सही?"

"सर, खत झालेलं नाही. मी चमचे वेचतेय."

"माल कंपोस्टेबल आहे ना? मग वाक्य चुकीचं कुठंय?"

"'खत झाले' असं लिहिलंय, सर. मी सही करणार नाही."

ते म्हणाले, "क्लायंटला तू सांग."

क्लायंटकडच्या रश्मी मॅडमना मी त्याच संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला आणि घमेलं दाखवलं. त्या म्हणाल्या, "हा पुरस्कार येणार म्हणून मी वरती सांगून बसलेय. आता काय सांगू?"

"माझी चूक झाली, असं सांगा. खरंच माझी आहे."

फॉर्म गेला नाही. त्यांच्या पुढच्या प्रदर्शनाचं काम दुसऱ्या एजन्सीला गेलं. डीलर मीट मात्र आमच्याकडेच राहिली. ती का राहिली ते मी विचारलं नाही. मनीषाचं औषधपाणी आम्ही बघितलं. ती दहा दिवसांनी कामावर आली, रजा भरपगारी लागली. ती जखम भरली, पण मावशींच्या खाचरात अजून काटे आहेत. आता तिथे कुणी अनवाणी उतरत नाही.

यंदाच्या मीटला स्टीलची ताटं आणि चमचे होते, भाड्याने आणलेले. भांडी घासायला जागा कमी पडली, जेवणाची रांग लांबली. एका डीलरने तक्रारही केली. उरलेलं अन्न मावशींनी खतासाठी घेतलं, पण आधी प्रत्येक पिंप काठीने ढवळून बघितलं. मीच तसं करायला सांगितलं होतं.

नवा व्हेंडर काहीही पर्यावरणपूरक म्हणून विकायला आला, की मी एवढंच विचारते: वापरून झाल्यावर हे नेमकं कुठे जातं, ते गाव आणि ती जागा सांगा. 'निसर्गात' असं उत्तर आलं, की मी दुसऱ्याला फोन लावते.