मिठाचा डाग

डोळे मिटून बसायचं आणि अंगाला जिथे काही टेकेल तिथे बोट ठेवायचं, एवढीच ती तपासणी. टेकवायचं ते साध्या बॉलपेनचं टोक. बधिर चट्टा शोधायला याहून मोठं यंत्र लागत नाही. नवीन मुलींना शिकवताना खुर्चीत मी स्वतःच बसायचे, कारण एकमेकींना हात लावायला लाजण्यात त्यांचा अर्धा दिवस जातो. त्या दिवशीही खांदा कॉलनीतल्या आमच्या ऑफिसात अशीच बसले होते. साडी गुडघ्यापर्यंत वर, डोळे मिटलेले, तोंड चालू. आठवड्यापूर्वी कामाला लागलेली मुलगी माझ्या नडगीवर पेन टेकवत होती आणि मी बरोब्बर बोट ठेवत होते. मग ती थांबली. मला वाटलं, घाबरली.

“टेकव गं, मी काय चावते?”

“ताई, मी तीनदा टेकवलं,” ती म्हणाली.

डोळे उघडले. पेनचं टोक माझ्या डाव्या नडगीवरच्या फिकट डागावर होतं. तो डाग मला माहीत होता. तीनेक वर्षं रोज साबण लावत होते त्याला.

बारा वर्षं मी पनवेल-उरणच्या गावांतून दारोदार फिरून लोकांच्या अंगावरचे चट्टे बघतेय. कुष्ठरोगाच्या एका संशोधनात माझी नोकरी आहे. लोक ‘डागवाली बाई’ म्हणतात, म्हणू देत. आणि माझ्याच नडगीवरचा डाग मला दिसला नाही, कारण माझं माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. आमच्यात पायावर फिकट डाग पडला की तो मिठाचा. खाऱ्या पाण्यात उभं राहून आईबापाचे पाय कसेही झालेले असायचे, त्यातला एखादा डाग बधिर आहे का हे कोण बघत बसणार? “मिठाचा हाय” म्हटलं की खोबरेल चोळायचं आणि कामाला लागायचं. मी मिठागरात शेवटची उतरले ती लग्नाआधी. एवढ्या वर्षांनी मीठ नडगीवर कसं येईल, हा प्रश्न दुसऱ्या कुणा बाईला मी फाडकन विचारला असता. स्वतःला विचारला नाही.

आमच्या डॉक्टर मॅडम वयाने मला मुलीसारख्या. त्यांनी शिरा चाचपल्या, डाग मोजला आणि खुर्चीवर मागे टेकून म्हणाल्या, “ताई, तुम्हाला मी काय समजावू?”

“समजावू नका. गोळ्या द्या.”

पहिला डोस मी त्यांच्यासमोरच गिळला. रडले नाही. चिडले होते, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले, तेही चिडूनच.

हा रोग कागदोपत्री कधीच संपलेला आहे. ‘अजून असतो का हो हा?’ असं मला चांगली शिकलेली माणसं विचारतात. असतो. मोठ्या मोठ्या टॉवरच्या सावलीतल्या गावांत असतो, टॉवरमध्येही असतो. गोळ्यांनी बरा होतो, औषध सुरू झालं की पसरायचा थांबतो, हे सगळं जगाला ठाऊक आहे. आता शोध चाललाय तो पुढचा: रोग्याच्या घरातल्यांना, शेजाऱ्यांना आधीच औषधाचा एक डोस दिला तर त्यांचा धोका कमी होतो, पण पुरता जात नाही. मग एक डोस पुरे की काही आठवड्यांनी दुसरा द्यावा, हे आमचा अभ्यास बघत होता. दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. डोस द्यायला गेलं की लोक विचारतात, आम्हालाच का? कोणाला झालाय?

म्हणून आमच्या फॉर्मवर दोन चौकोन असतात. पहिला: माझं नाव सांगितलं तरी चालेल. मग घरातल्यांची तपासणी लगेच होते. दुसरा: नाव सांगू नका. मग काही आठवड्यांनी अख्ख्या आळीचं शिबिर लावतात, सगळ्यांनाच तपासतात आणि डोस देतात, म्हणजे कोणामुळे ते कळत नाही. मी शेकडो बायकांचा हात धरून दुसऱ्या चौकोनात खूण करून घेतलीय. गावात राहायचंय ना तुला, असं सांगून.

मॅडमनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. “दुसराच करा. तुमच्याकडे लग्न आहे.”

लग्न होतं, माझ्या जावेच्या मोठ्या मुलीचं. ओवे गावात आमचं एकच घर, दोन भाऊ, एक चूल. लग्नाला पंधरा दिवस राहिले होते आणि आळीचं शिबिर दीड महिन्याने लागणार होतं. मी पहिल्या चौकोनात खूण केली. शूर होते म्हणून नव्हे. घरात एक कोपर होतं, ते मला आठवत होतं.

ते कोपर जावेच्या धाकटीचं. तेव्हा बारा वर्षांची. (हे लिहू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “लिही, पण मला बावळट दाखवू नकोस.”) मला मूल नाही. ती तान्ही असल्यापासून माझ्या कुशीत झोपली. तिच्या उजव्या कोपराच्या वर एक फिकट डाग होता आणि अलीकडे शाळेच्या शर्टाची बटणं ती डाव्या हाताने लावत होती. दोन्ही गोष्टी मी बघितल्या होत्या. त्या एकमेकींना जोडल्या मात्र ऑफिसातल्या त्या खुर्चीत. कोपराच्या मागून जी शीर जाते ती एकदा गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आकड्यासारखं वळतं आणि मग गोळ्या घेऊन रोग गेला तरी बोट सरळ होत नाही. असे हात मी रोज बघते. त्यातल्या बहुतेकांना कोणीतरी म्हणालेलं असतं, जरा थांबू या.

संध्याकाळी घरी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. नवरा म्हणाला, “मना पयली गोली दे.” त्याचं प्रेम असंच असतं, कामापुरतं. सासूने माझी साडी वर करून डाग बघितला आणि निकाल दिला, “मिठाचा हाय.” चार दिवसांनी आमची माणसं येऊन सगळ्यांना तपासून, डोस देऊन गेली. सगळे म्हणजे, धाकटी सोडून. तिला जावेने नेमकं त्या वेळी तिच्या मामाकडे पाठवलं होतं.

मी जावेला स्वयंपाकघरात गाठलं. “ताई, तिच्या कोपराचं काय?”

“जंताचा डाग हाय तो.”

“बटण लावता येत नाही तिला. जंत बटण लावू देत नाहीत का?”

तिने भाकरी परतली. “लगीन होऊन जाऊ दे गो. मंग ने तिला कठं न्यायची ती. एका घरात दोघी, असं लोकांना कललं तर मोठीला कोन नेल?”

वाईट बाई नाही ती. माझ्यापेक्षा पुष्कळ चांगली आहे. ती एका मुलीला वाचवत होती आणि दुसरीला थांबायला सांगत होती. भांडायला मी कमी पडले नाही, पण रोज उत्तर तेच: लगीन होऊ दे. आणि मला ठाऊक होतं की लग्नानंतर मोठी पाचपरतावनाला माहेरी येईल, मग शाळा, मग पाऊस, मग शेजारीण काय म्हणेल.

धाकटीचं नाव घ्यायचा मला हक्क नव्हता. बारा वर्षं हेच शिकवत आले, की रोग्याचं नाव हे रोग्याचं, ते आपल्या तोंडून जायचं नाही. पण माझं नाव माझं होतं.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्याकडे घाणा भरतात. मुसळाला आंब्याची पानं बांधायची, सुवासिनींनी मिळून हळकुंडं कांडायची आणि धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी म्हणून विधी सांगणारी म्हातारी, धवले म्हणत असते. मंडपात आळीतल्या सगळ्या बायका होत्या. पहिल्या पाचात काकीचा मान माझा. जाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “तू मुसल धरू नको, पाय दुखतंय सांग.”

तोपर्यंत मी काही ठरवलं होतं असं छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. पण ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी मुसळ धरलं. धवलारणीला म्हटलं, “मावशी, जरा थांबा.” आणि साडी नडगीवर घेतली.

“मला कुष्ठरोग झालाय. तुमच्या भाषेत रगतपिती. हा बघा डाग. गोळ्या चालू केल्यात, माझ्यापासून आता कोणाला काही होत नाही. तुम्ही ज्याला मिठाचा म्हणता, जंताचा म्हणता, उन्हाचा म्हणता, तसला डाग कोणाच्या अंगावर असेल तर मला दाखवा. कोणाला सांगणार नाही. माझंच तेवढं सांगतेय.”

दोघीतिघी उठून गेल्या. धवलारणीने माझ्या पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे बघितलं आणि अर्धवट राहिलेली ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतली. तिच्या त्या खरखरीत आवाजावर मी घाव घालत राहिले.

कांडण झाल्यावर जावेने मला मागच्या पडवीत ओढलं. मी तिला इतकं चिडलेलं आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

“मुद्दाम केलंस तू.”

“हो.”

“माझ्या पोरीच्या लग्नात नाक कापलंस माझं.”

“कापलं. आता लपवायला काय उरलंय, ते सांगा.”

ती वळून मंडपात निघून गेली. मोठीचं लग्न मोडलं असतं तर, असं मला लोक आजही विचारतात. मोडलं असतं तर मोडलं असतं, असं मी तेव्हा तोंडावर फेकून द्यायचे. आज तेवढं सोपं वाटत नाही. मोठीला मी आधी विचारायला हवं होतं, आणि तिने हे मला स्पष्ट ऐकवलंय. दिवसभर नवऱ्यामुलाच्या घरून फोन येत होते. माझा दीर मंडपाबाहेर उभा राहून ते घेत होता. शेवटचा फोन मुलाचा होता. त्याने एवढंच विचारलं, की डोस आम्हालाही मिळेल का.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे हळदीच्या दिवशी, मी अर्धा दिवस कामावर गेले होते. सकाळी दहाला आमच्या ऑफिससमोर रिक्षा थांबली. त्यातून जाऊ उतरली, मागून धाकटी. घरात सांगितलं होतं, बांगड्या भरायला चाललोय. जाऊ माझ्याकडे न बघताच आत शिरली. मॅडमकडे जाऊन म्हणाली, “हिचा कोपर बघा.”

डाग बधिर होता. शीर सुजलेली आणि दाबली की दुखणारी. करंगळीत जोर कमी, पण होता. मॅडमनी ती करंगळी बराच वेळ आपल्या बोटाने दाबून बघितली. मग म्हणाल्या, रोगाच्या गोळ्या आणि सुजेचं औषध दोन्ही आजच सुरू करू, वेळेत आलात, हात वाचेल.

“वाचंल?” जावेने विचारलं.

“वाचेल.”

“नक्की वाचंल ना?”

धाकटीला माझ्याकडून झालं, की मला तिच्याकडून, की दोघींना तिसऱ्याच कोणाकडून, हे आजचं कुठलंही संशोधन सांगू शकत नाही. वर्षानुवर्षं अंगात दबून बसतो हा रोग. मी तो प्रश्न रोज स्वतःला विचारते आणि रोज त्याच उत्तरावर येते, की कळायला मार्ग नाही.

मॅडमनी फॉर्म काढला, तोच, दोन चौकोनांचा. जाऊ म्हणाली, “नाव सांगा असंच लिवा. आता राह्यलंय काय?”

“नाही,” मी म्हणाले. “हिचं नाव नको. घरातली, आळीतली सगळी माणसं माझ्या यादीत आहेत. घरातल्यांनी माझ्या नावावर डोस घेतलाच, आळीतलेही घेतील. शाळेत सगळ्याच मुलांची तपासणी करू. हिचं कोणालाही कळायची गरज नाही.”

जावेने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मॅडमनी दुसऱ्या चौकोनात खूण केली.

दुपारी हळद होती. नवऱ्यामुलाकडची माणसं उष्टी हळद घेऊन आली आणि त्यांच्यातली एक जाडजूड आत्या मंडपात पाय ठेवता ठेवताच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “ती रगतपितीवाली कंची?”

मी उठणार होते. जावेने हाताने मला खाली बसवलं.

“ही,” ती म्हणाली. “माझी जाव. माझ्या घरात ऱ्हाते, माझ्या चुलीवर रांधते. पोरीला पयली हलद हीच लावनार. तुमाला चालत नसंल तर वाट मोकली हाय.”

आणि वाटी माझ्या हातात दिली. आत्या खुर्ची ओढून बसली. सगळ्यांचे डोळे माझ्या नडगीवर होते आणि मी ती बिलकूल झाकली नाही. धाकटी माझ्या शेजारी उभी राहून बहिणीच्या गालाला दोन्ही हातांनी हळद फासत होती. तिच्याकडे कोणी वळूनही बघितलं नाही.