सळयांची रांग

"सळईला हात नको!" असं ओरडल्याशिवाय त्यांनी यंत्राचं बटण कधी दाबलं नाही. तुम्ही हसाल, पण सळया वर सड्यावर, उघड्या कातळमाळावर असायच्या आणि खाली ओटीवर बसलेली माझी आई हात पदराखाली घ्यायची.

सड्यावरच्या बंद चिरेखाणीत कुणीतरी कारखान्याची घाण आणून पुरली होती. वरच्या घराच्या बावीच्या पाण्याला वास येऊ लागला आणि वाडीची झोप उडाली. त्याच उतारावर आमची बाव, आणि अख्खी वाडी तिच्यावर. घाण कुठवर पोचली ते न खणता शोधायला हे गृहस्थ आले. जमिनीत सळया ठोकायच्या, वीज सोडायची, आकडा बघायचा. या घाणीतून वीज सहज जाते, म्हणून ती असेल तिथे आकडा उतरतो, असं त्यांनी आम्हाला समजावलं. तेच चुकलं त्यांचं. त्या दिवसापासून आम्ही सगळे त्यांच्या खांद्यावरून आकडे वाचायला लागलो.

"उतरला काय ओ?" आई विचारी.

"आत्ताच काही म्हणू नका, वैनी."

कातळात वीज नीट शिरावी म्हणून ते सळईभोवती मिठाचं पाणी ओतत. शेजारचे तात्या घाबरले. "सायेब, ह्ये मीठ आमच्या बावीत उतारलं तर ओ?"

"मग आमटीत कमी घाला."

तात्यांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

दुपारी ते आमच्या ओटीवर टेकले की आई गूळ-पाणी ठेवी. गुळाचा खडा तोंडात टाकून ते सगळा तांब्या रिकामा करत. "गोड आहे हो पाणी," असं रोज म्हणत. मला त्याचा फार धीर वाटायचा. एवढा जाणता माणूस पितोय ना, मग झालं.

रांगा उतरत उतरत आमच्या आवाराच्या दगडी गडग्याशी आल्या. त्या दिवशी ते सारखा चष्मा पुसत होते, एकाच जागी पुन्हा पुन्हा मोजत होते. आकडा बघायचं मला धाडस झालं नाही.

ओटीवर आले. आईने गूळ-पाणी ठेवलं. त्यांनी गूळ घेतला. तांब्याकडे हात नेला आणि मागे घेतला.

"वैनी, पाणी तपासून येईपर्यंत..." एवढंच म्हणाले. त्यांचं नेहमीचं वाक्य ऐकायला आम्ही थांबलो होतो. ते त्यांनी म्हटलं नाही.

पुढे तपासणीतही तेच निघालं. ते परत कधी आले नाहीत. खूप दिवस मला त्यांचा राग यायचा, आता आठवण येते.

त्या दुपारी ते गेल्यावर आईने भरलेला तांब्या उचलला, ओतायला माडाच्या आळ्यापाशी गेली आणि तिथेच थांबली.

"ह्याला तरी घालू काय रे?" तिने मला विचारलं.