टपालडब्याचा नमुना

रेल्वेचे छोटे डबे बनवणाऱ्या त्या बाईला सगळी गिऱ्हाइकं वहिनीच म्हणत. खरं तर ती एकाच माणसाची वहिनी होती, धाकट्या दिराची. पण फोन तो घ्यायचा, 'वहिनींना विचारून सांगतो' म्हणायचा, आणि पलीकडच्यांनी तेच नाव उचललं. नवरा बस चालवायचा. पितळेचा भुगा चपलांना चिकटून स्वयंपाकघरापर्यंत येतो, एवढीच त्याची या धंद्याबद्दल तक्रार.

वहिनी पितळी पत्रा कापून, कानशीनं घासून, डाख देऊन वीतभर लांबीचा एक डबा घडवायची. तो नमुना. त्यावरून ओतकामवाला रबरी साचा करायचा आणि साच्यातून बाकीचे डबे निघायचे. साचा शेवटी फाटूनच जायचा. जितक्यांनी आधी सांगून ठेवलं तितकेच डबे, एकही जास्त नाही. मग गिऱ्हाइकांना बोलवायचं आणि त्यांच्यासमोर नमुना ऐरणीवर ठेवून हातोडीनं चेपायचा. हे डोकं दिराचंच. घरात आगगाडी मांडणारी ही मंडळी एकेका डब्यासाठी वर्षभर थांबतात. 'पुन्हा निघणार नाही' म्हणून घेतलेला डबा पुढे नुसता रंग बदलून दुकानात दिसला की त्यांना फसवल्यासारखं होतं. "आपल्याकडे तसं होत नाही, हे लोकांना डोळ्यांनी दिसू दे," असं तो म्हणाला होता, आणि त्यावरच त्यांचं नाव झालं.

मालगाडीचे डबे चेपताना वहिनीला फारसं काही वाटलं नव्हतं. टपालडब्याचं तसं नव्हतं. त्याच्या खिडकीतून आत डोकावलं की पत्रं लावायचे खणसुद्धा दिसत. त्या खणांपायी तिच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. डबे रंगून व्हायच्या आतच सगळ्या डब्यांवर नावं लागली आणि उशिरा जागे झालेल्यांचे फोन थांबेनात. दीर म्हणाला, डब्यावरचा क्रमांक बदलून आणखी एक तुकडी काढू, कोणाला कळतंय. वहिनी नाही म्हणाली. तो लगेच गप्प बसला. एरवी तो जेवणातल्या मिठावरूनही वाद घालायचा. तिला तेव्हाच खटकायला हवं होतं.

ठरलेल्या सकाळी मागच्या खोलीत माणसं दाटीवाटीनं उभी राहिली. पुढे एक म्हातारे निवृत्त गार्ड होते. त्यांची अर्धी नोकरी टपालडबा जोडलेल्या गाडीवर गेली होती. वहिनीनं खणातून पेटी काढली, कापूस बाजूला केला आणि डबा उचलला.

हा तो नव्हता. हा तिचा पहिला, फसलेला प्रयत्न. छताला एका टोकाशी केसाएवढा बाक होता. दुसऱ्या कुणाला तो दिसला नसता. तिला मात्र बोटांनीच सांगितलं.

तिनं मान वर केली. दीर दाराशी कपांचा ट्रे घेऊन उभा होता. ट्रेमधलं काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखा तो त्यातच बघत होता.

"एकदा हातात घेऊ?" गार्डांनी विचारलं.

तिनं डबा दिला. त्यांनी तो खिडकीशी नेला, आत डोकावून पाहिलं, छतावरून अंगठा फिरवला. "सुरेख," एवढंच म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी परत केला. हातोडी तिच्या उजव्या हाताशी होती. एक घाव घातला की सगळे समाधानानं चहा पिऊन घरी जातील. तोंड उघडलं तर चारचौघांत दिराची अब्रू जाईल, आणि उद्यापासून जेवायला एकत्र बसायचं ते त्याच्याच सोबत.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी चुकून दुसराच काढला. खरा नमुना तुमच्याकडे ठेवलाय ना? तेवढा आणता?"

दिरानं ट्रे खाली ठेवला, तशी एक कपबशी किणकिणली, आणि तो बाहेर पडला. मग सगळ्यांना स्कूटर सुरू झाल्याचा आवाज ऐकू आला.

घरातली वस्तू आणायला स्कूटर कशाला, हे कुणी विचारलं नाही, पण प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच होतं. वहिनी चहा ओतत राहिली. तो परत येईल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. एकजण घड्याळ बघून निघून गेला. दुसरा हळूच म्हणाला, मी पुढच्या डब्यासाठी नाव दिलंय, ते सध्या काढून टाका. तिनं मान डोलावली. तिचा जीव सगळा रस्त्यावरच्या आवाजांकडे लागला होता.

चहा गार झाल्यावर स्कूटर आली. दीर घामानं भिजला होता. त्यानं रुमालात गुंडाळलेला नमुना ऐरणीशी ठेवला. मग पिशवीतून ओतकामवाल्यानं दुसऱ्या तुकडीसाठी केलेला कोरा रबरी साचा काढला, वहिनीच्या टेबलावरची सुरी घेतली आणि सगळ्यांदेखत तो उभा-आडवा कापला.

आता वहिनीची पाळी. दुसऱ्याला खरं वागायला लावणं त्यामानानं सोपं होतं. खिडक्यांतून आतले खण दिसत होते. तिनं हातोडी उचलली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली. गार्डांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पहिल्या घावाला छत बसलं, दुसऱ्याला खण मोडले. त्यानंतर ती थांबलीच नाही, पार पत्रा होईतो.

माणसं गेल्यावर दीर म्हणाला, "सगळ्यांसमोर माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेऊन काय केलं असतं? फोन कोणी घेतला असता?"

त्याला हसू आलं नाही. पुढे बरेच दिवस तो ताट घेऊन वेगळा बसायचा. तीन-चार गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. उरलेले मात्र फोन करत राहिले, पुढे कुठला डबा निघणार म्हणून. आणि दीर पूर्वीसारखंच सांगायचा, वहिनींना विचारतो. फरक एवढाच, की आता तो खरोखर विचारायला येऊ लागला.