जिनिंगच्या केबिनमध्ये मला कोणी मारलं?

भूतबित, करणीबिरणी... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जातो. डोकं फिरतं माझं! परभणीत कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा आहे माझा. पण हे भर दुपारी घडलं आणि मी पूर्ण शुद्धीत होतो, म्हणून लिहितोय.

मानवतजवळच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी दाबायचा प्रेस कॉम्प्युटरवर चालतो. त्या आठवड्यात ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एक भगदाड सापडलं होतं — बाहेरचा कोणीही नेटवरून शिरून मशीन चालवू शकेल असं. जुन्या आवृत्त्या धोक्यात, नवी सुरक्षित. इथं कोणती आहे ते बघायला मी गेलो होतो.

प्रेस नेमका अडकलेला. फिटर सदाभाऊ प्रेसच्या कापूस दाबायच्या पेटीत उतरून कापूस मोकळा करणार होता.

"थांब! आधी आवृत्ती बघू दे. वरचा दट्ट्या आपोआप खाली आला तर चटणी होईल तुझी. नाहीतर बंद करून उतर."

"बंद? खंडेनवमीला पूजा झाली की सीझन सरंस्तोवर हे बंद करायचं न्हाई, मालकाचा हुकूम हाय. तुमी बघा लवकर. लय नाटकं तुमची!"

मीही दोन शिव्या हाणल्या. रुई उडत होती म्हणून कॉम्प्युटरच्या केबिनला आतून कडी लावली आणि बघितलं. आवृत्ती नवी. काच सरकवून ओरडलो, "सेफ आहे, उतर!"

तेवढ्यात मागून कोणीतरी माझी मानगूट धरली आणि कपाळ टेबलावर आपटलं... धाडकन! परत. परत. नाकातून रक्ताची धार लागली. वळलो तर कोणीच नाही.

सदाच! दुसरं कोण? दाराची आतली कडी मीच काढली, म्हणजे बाहेरून कोणी आत येणं शक्यच नव्हतं, पण रागात ते डोक्यातच आलं नाही. धावत गेलो, पेटीत कमरेएवढ्या कापसात उभ्या सदाला कॉलर धरून वर ओढला आणि तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला त्याचा.

"आवो, म्या काय केलं?"

दुसरा ठोसा उगारला आणि धडाम! दट्ट्या खाली आला. बटणाजवळ कोणी नव्हतं. सदाची एक चप्पल आत राहिली होती, तिचा पापड झाला.

दट्ट्याचं कारण नंतर सापडलं. नवी आवृत्ती भरून ठेवलेली होती, पण कॉम्प्युटर बंद करून चालू केल्याशिवाय ती लागू होत नाही. खंडेनवमीपासून तो बंदच केला नव्हता, म्हणून आत जुनीच चालत होती आणि तिच्या भगदाडातून बाहेरच्या कोणीतरी शिरून दट्ट्या चालवला होता. मी फक्त काय भरलंय ते बघितलं, काय चालू आहे ते बघितलंच नाही.

पण माझ्या मानेवर उमटलेली बोटं? सदा पेटीतून हललाच नव्हता, हे प्रेसजवळच्या हमालांनी शपथेवर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, स्वतःच्या हातानं असे वळ उठत नाहीत. मला आजही काही सांगता येत नाही.

सदाच्या ओठाला टाके पडले. त्याची बायको दुकानात आली तेव्हा मी शरमेनं मान खाली घातली. तिनं माझा हात धरला.

"दादा, आजून दोन हाणायच्या व्हत्या," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.